प्रागमध्ये नोटा बदलून घेताना झालेली फसवणूक

ड्रेस्डेनमध्ये एम.एस. करत असताना, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मी आणि माझी नाशिकची मैत्रीण शनिवार-रविवार धरून प्राग पाहायला गेलो. रेल्वेने जेमतेम अडीच तासांचे अंतर असल्यामुळे तयारी अशी काही केलीच नव्हती. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी तेथे युरो नव्हे तर कोरुना हे चलन चालते, हेसुद्धा आम्हाला गाडीत बसल्यावर आठवले.

जुन्या शहराच्या चौकात १४१० सालचे खगोलीय घड्याळ आहे. तासाचा ठोका पडण्याच्या वेळी सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती फिरतात आणि खाली जमलेली सगळी गर्दी माना वर करून पाहत राहते. ते पाहून झाल्यावर आम्ही जवळच्या एका पैसे बदलून देणाऱ्या दुकानाच्या फलकासमोर उभ्या होतो, तेव्हा पन्नाशीचा, नीटनेटक्या कोटातला एक माणूस शेजारी येऊन हळूच इंग्रजीत म्हणाला, “इथे बदलू नका. फलकावर लिहिलेला भाव तुम्हाला मिळणार नाही.” हे त्याने खरेच सांगितले होते. फलकावर मोठ्या अक्षरांत असलेला भाव दुकानाच्या विक्रीचा होता आणि आमचे युरो ते फार कमी दराने घेणार होते. त्याने दाखवल्यावर बारीक अक्षरांतला तो दर आम्ही स्वतः वाचला, आणि माझा विश्वास बसला तो तिथेच. आपल्याला एका लबाडीपासून वाचवणारा माणूस स्वतः दुसरी लबाडी करत असेल, हे मनात येतच नाही.

त्या दिवसांत एका युरोला साधारण साडेचोवीस कोरुना मिळत असत. त्याने सव्वीस देऊ केले. मी दोनशे युरो दिले आणि त्याने ५,२०० कोरुना माझ्यासमोर दोनदा मोजून हातात ठेवले. वर दोनशेची एक नोट होती आणि तिच्याखाली हजाराच्या पाच. वरची नोट मी उजेडात धरून पाहिली. ती अस्सल होती. खालच्या नोटांवर १००० हा आकडा स्पष्ट दिसत होता, म्हणून त्या मी तशाच पाकिटात घातल्या.

चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर चढण्यासाठी तिकीट काढताना खिडकीमागच्या बाईंनी माझी हजाराची नोट परत सरकवली, तिच्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवले आणि “बल्गेरिया” एवढेच म्हणाल्या. नोटेवरची लिपी सिरिलिक, म्हणजे रशियन, बल्गेरियन या भाषा जिच्यात लिहितात ती, होती. चेक भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि हे मला आधीपासून ठाऊक होते. बल्गेरियाने १९९९ मध्ये आपल्या चलनातली तीन शून्ये कमी केली. त्याआधीच्या या लेव्हच्या (बल्गेरियाच्या तेव्हाच्या चलनाच्या) नोटा केव्हाच रद्द झालेल्या आहेत.

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल असे खाते, उघडले होते; त्यातून मला महिन्याला ९३४ युरो मिळत असत आणि त्यातच घरभाडे, विमा, जेवणखाण भागवायचे होते. त्यातला पाचव्या हिश्शाहून अधिक पैसा एका मिनिटात गेला. माझ्या बाबांनी ज्या कष्टाने ते पैसे उभे केले होते ते आठवून मला पुलावर रडू आवरले नाही. पोलिसांत तक्रार नोंदवली, त्यांनी पुरावा म्हणून दोन नोटा ठेवून घेतल्या, पण पैसे परत मिळाले नाहीत.

परवानाधारक दुकानात जाऊन कमी भाव घेतला असता, तरी माझे नुकसान भरून निघाले असते, हे मला नंतर कळले. १ एप्रिल २०१९ पासून तेथे असा कायदा आहे की, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार ग्राहकाला तीन तासांच्या आत, कारण न सांगता, रद्द करता येतो. त्यासाठी पावती जपून ठेवावी लागते. रस्त्यावर पैसे बदलणे मुळातच बेकायदा असल्यामुळे तेथे पावतीही नसते आणि हा हक्कही नसतो. खरे तर रोख पैशांची गरजच फारशी नव्हती, कारण ट्राममध्येसुद्धा कार्डाने तिकीट निघते. रोख लागलीच तर बँकेच्या एटीएममधून काढावी आणि यंत्राने “युरोमध्ये रक्कम वळती करू का?” असे विचारले तर नकार देऊन कोरुनाच निवडावा. पोलंडमधल्या क्राकोला जाणाऱ्यांना झ्लॉटी या तिथल्या चलनाच्या आणि हंगेरीतल्या बुडापेस्टला जाणाऱ्यांना फोरिंट या तिथल्या चलनाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागेल. निघण्यापूर्वी त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर नोटांची चित्रे पाहून ठेवावीत. चेक हजाराच्या नोटेवर इतिहासकार पालात्स्की यांचे चित्र असते, एवढे जरी मला माहीत असते तरी पुरे होते.

उरलेल्या तीन नोटा माझ्याजवळ आहेत. वसतिगृहात दर सेमिस्टरला भारतातून नवी मुले-मुली येतात, तेव्हा मी त्यांच्या हातात त्या देते आणि ही नोट कुठली आहे असे विचारते. आजवर प्रत्येकाने आधी आकडाच वाचला आहे.