साल्झबर्गमधलं मोझार्टचं कुठलं घर बघायचं?

साल्झबर्गला हातात एकच दुपार असेल तर हा प्रश्न पडतोच. गेट्राइडेगासे ९ चं पिवळं घर म्हणजे जन्मघर, इथे २७ जानेवारी १७५६ ला तिसऱ्या मजल्यावर मोझार्ट जन्मला, आणि खोल्या लहान त्यामुळे गर्दीत नीट उभं राहायलाही जमत नाही, पण त्याचं लहानपणीचं ते इवलंसं व्हायोलिन बघितलं ना की गलबलून येतं. दुसरं घर नदीपलीकडे, माकार्टप्लाट्झला, तिथे मोझार्ट कुटुंब १७७३ मध्ये राहायला गेलं, खोल्या मोठ्या, निवांत बघता येतं. फक्त १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात बरंचसं पडलं होतं, नंतर परत बांधलंय, म्हणजे भिंती सगळ्या जुन्या नाहीत.

तरी मी म्हणेन दुसरंच बघा, त्या फॅमिली पोर्ट्रेटसाठी! भाऊबहीण पियानोवर, एकाचा हात दुसऱ्याच्या हातावरून गेलेला, वडील व्हायोलिन घेऊन, आणि आई पॅरिसला १७७८ मध्ये वारलेली म्हणून ती मागे भिंतीवरच्या फोटोफ्रेमसारख्या चित्रात. आपल्याकडे हॉलमध्ये गेलेल्या माणसाचा फोटो असतो ना, अगदी तसंच. वेळ उरला तर पूल ओलांडून जन्मघर, चालतच जाता येतं.