सर्क्युलर पोलरायझर: फॉल कलर्सपासून कुसुंबाच्या पालवीपर्यंत

झाडापानांच्या फोटोंचा नाद असेल आणि पुढचा खर्च कशावर करावा असा प्रश्न पडला असेल, तर माझं उत्तर सरळ आहे. नवी बॉडी नको, नवी लेन्सही नको, एक चांगला सर्क्युलर पोलरायझर घ्या, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावून गोल फिरवायचा, चकाकी अडवणारा फिल्टर. ऑगस्टच्या शेवटी घेतलेला ७२ मिमीचा फिल्टर मी सगळा फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये वापरला आणि मार्चमध्ये भारतात आले तेव्हा तो सोबत आणला. कॅमेरा फुजीफिल्मचा एक्स-टी५, लेन्स १६-८० आणि ७०-३०० मिमीच्या. या दुसऱ्या लेन्सचं तोंड ६७ मिमीचं आहे, म्हणून मध्ये स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवणारी कडी, लावते. दोन लेन्सना एकच फिल्टर पुरतो.

पोलरायझर म्हणजे आभाळ गडद निळं करायचं साधन, असा समज फार पक्का आहे. आभाळ निळं होतं हे खरं, पण पानांसाठी ते दुय्यम. पानावर मेणाचा पातळ थर असतो. आभाळाचा उजेड त्यावरून परावर्तित होतो आणि पानाच्या रंगावर पांढुरकी साय धरते. समोर उभं असताना आपलं तिकडे लक्षही जात नाही, सेन्सर मात्र ती जशीच्या तशी टिपतो. हा परावर्तित उजेड बराचसा एकाच दिशेत कंप पावत असतो. रिंग फिरवली की नेमका तोच अडतो आणि पानाच्या आतून येणारा रंग उरतो. घरी येऊन सॅच्युरेशन वाढवल्याने हे साधत नाही. जिथे आभाळाचं प्रतिबिंब पडलं, तिथे पानाचा रंग पुरता नोंदलेलाच नसतो, मग वाढवणार काय?

म्हणूनच या फिल्टरचा खरा दिवस म्हणजे ढगाळ, भिजलेला दिवस. न्यू हॅम्पशरमध्ये लिंकन ते कॉनवे असा साधारण ५५ किलोमीटरचा कँकामॅगस हायवे आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतली आपली अर्धी मंडळी तिथे फॉल कलर्स बघायला लोटतात आणि ऊन नसलं की हिरमुसतात. मी मात्र पाऊस बघून निघते. रॉकी गॉर्जपाशी पाऊस नुकताच थांबला होता आणि स्विफ्ट नदीच्या काठच्या खडकावर मेपलचं एक लाल पान चिकटून बसलं होतं. फिल्टर न फिरवता पाहिलं तर पान फिकट, मधोमध राखाडी पट्टा, शिरा दिसेनात. रिंग हळूहळू फिरवत गेले तसा पट्टा देठाकडून विरत गेला. मग शिरांचं पिवळसर जाळं वर आलं, कडेची किडीने पाडलेली बारीक भोकं दिसली, ओला ग्रॅनाइट काळाभोर झाला. शेजारच्या डबक्यावरची चकाकी गेली आणि तळाशी बसलेली बर्चची पिवळी पानंही दिसू लागली.

पण रिंग शेवटपर्यंत फिरवू नका. चकाकी पूर्ण काढली की पान ओलं वाटतच नाही, कागदाचं कापून ठेवल्यासारखं दिसतं. आधी जास्तीत जास्त परिणाम कुठे होतो ते बघायचं आणि तिथून थोडं मागे यायचं. पाण्यावरची चकाकी घालवायची तर कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांत धरलेला सर्वांत चांगला. अगदी वरून सरळ खाली पाहिलं तर रिंग कितीही फिरवा, फारसा फरक पडत नाही. टॅमवर्थजवळच्या चोकोरुआ तळ्याकाठी उलट काळजी घ्यावी लागते. तिथे डोंगराचं आणि लाल-पिवळ्या झाडांचं प्रतिबिंब हाच फोटो असतो आणि एका वळशात ते निम्मं पुसलं जातं.

फिल्टर काढून ठेवावा अशाही जागा आहेत. उन्हाकडे तोंड करून, पानातून आरपार येणारा उजेड टिपायचा असेल तर पोलरायझर उगीच उजेड खातो. शुगर मेपलच्या नारिंगी छताखाली उभं राहून वर कॅमेरा धरताना मी तो हमखास उतरवते. १६ मिमीवर, म्हणजे लेन्सच्या सर्वांत रुंद टोकाला, निळं आभाळ जास्त घेतलं तर आभाळात एकीकडे गडद डाग पडतो, कारण परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक आणि बाजूंना कमी होत जातो. तो डाग नंतर नीट करणं जिकिरीचं काम आहे.

उजेड किती जातो? माझ्या फिल्टरने दीड स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि कुठल्याही पोलरायझरला एक ते दोन स्टॉप धरूनच चालायचं. जंगलात आधीच उजेड कमी, त्यात अॅस्पेनची पानं जराशा झुळकीनेही थरथरतात. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन हात सांभाळतं, पान नाही सांभाळत. शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ होऊ देत नाही आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० पर्यंत बिनदिक्कत जाऊ देते. थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, हललेलं पान चालत नाही.

रंग स्वच्छ झाला की दुसरी अडचण पुढे येते. लाल मेपलवर साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) अगदी व्यवस्थित दिसतो, पण लाल चॅनल उजवीकडे कापला गेलेला असतो आणि पानातले सगळे बारकावे एका सपाट लाल डागात हरवतात. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून ठेवा आणि एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची ऊब-थंडाई ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा एवढा लाल-पिवळा रंग बघून तो थंड करायला जातो, म्हणून डेलाइटवर कायम. १९९० साली आलेल्या व्हेल्व्हिया या स्लाइड फिल्मचं नाव घेतलेला रंगाचा मोड या कॅमेऱ्यात आहे. हिरव्या जंगलाला तो मला फार आवडतो, पण पेटलेल्या मेपलला प्रोव्हिया हा साधा मोड पुरे. बाकी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, असतेच.

पानांतला पिवळा रंग उन्हाळाभर तिथेच असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, पान शेवटी शेवटी नव्याने बनवतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठण्याइतका नाही, असे दिवस लागोपाठ मिळाले की तो चढतो. आपल्याकडे हाच लाल रंग उलट्या टोकाला भेटतो. मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुंबाला पालवी फुटते तेव्हा अख्खं झाड लालभडक होतं, आणि तिथेही ते अँथोसायनिनच असतं. कोवळी पालवी तुकतुकीत, वर मार्चचं रखरखीत ऊन, त्यामुळे फिल्टरविना टोकाची पानं पांढरी फटक येतात. इथे पोलरायझरने मेपलपेक्षाही जास्त काम केलं. पिंपळाच्या तांबूस पालवीलाही त्याचा तसाच उपयोग झाला. पळसाच्या फुलांवर मात्र फरक थोडा, कारण पाकळ्यांवर मऊ लव असते, चकाकी मुळात कमी. दूरच्या डोंगरावरचा धुरकटपणाही थोडा उतरला, पण सगळा गेला असं म्हणणार नाही.

तक्रार एकच आणि ती मोठी. थंडीत फिल्टर स्टेप-अप रिंगला असा घट्ट बसतो की बोटांनी निघत नाही. फ्रेम अॅल्युमिनियमची असल्याने हे होतं. पितळी फ्रेम सहसा तितकी अडकत नाही, पण महाग पडते. जाड रबरबँड फिल्टरच्या कडेला गुंडाळून फिरवला की सुटतो, म्हणून बॅगेत दोन कायम ठेवलेले असतात.

घेताना ब्रँडच्या नावाआधी दोन गोष्टी तपासा. दुकानात पांढऱ्या कागदाचा एक फोटो फिल्टर लावून आणि एक न लावता काढा. पिवळट किंवा निळसर झाक दिसली तर परत ठेवा. आणि माप आपल्या सर्वांत मोठ्या लेन्सचं घ्या, लहान लेन्सना स्टेप-अप रिंगा स्वस्तात मिळतात. फक्त रिंग लावल्यावर त्या लेन्सचं मूळ हूड (ऊन अडवणारी झडप) बसत नाही, तेव्हा तिरक्या उन्हात सरळ तळहाताने लेन्सवर सावली धरायची.