राउटर घरात नाही तरी आठ महिने राउटिंग करतोय : सिम्युलेटरचा अनुभव

व्हिडिओ राउटरचा हा सिम्युलेटर आठ महिने झाले वापरतोय म्हणून आता लिहायला हरकत नाही, पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती आरतीच ओवाळली असती.

मी लाइव्ह कार्यक्रमांचं व्हिडिओचं काम करतो, फ्रीलान्स. राहायला डोंबिवली आणि कामं सगळी पार्ले, गोरेगाव, प्रभादेवी अशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, राउटर म्हणजे एका बाजूला कॅमेरे, लॅपटॉप, प्लेबॅक असे सगळे सोर्स येऊन लागतात, दुसऱ्या बाजूने एलईडी वॉल, रेकॉर्डर, स्ट्रीमिंग, ग्रीनरूमचा टीव्ही असं सगळं निघतं, आणि कुठे काय दिसायचं ते बटणावर ठरतं. एक सोर्स हव्या तितक्या ठिकाणी देता येतो पण एका आउटपुटला एका वेळी एकच.

माझी गोची अशी की राउटर माझा नाही. भाड्याचा. टेम्पोतून येतो तो शोच्या आदल्या रात्री, लाइटवाल्यांचा ट्रस (दिवे टांगायचा सांगाडा) वर गेल्याशिवाय मला टेबल मिळत नाही, म्हणजे नीट बसून सेटिंग करायला पाऊण तास मिळाला तरी देव पावला. त्या पाऊण तासात चाळीस आउटपुटना नावं द्या, बटणं बनवा, एकेक तपासा, आणि मध्येच कोणीतरी येणार, "दादा, बाहेरचा टीव्ही लागत नाहीये". शेवटी तपासायचंच राहतं आणि मग शोमध्येच तपासलं जातं, सगळ्यांसमोर.

म्हणून हा सिम्युलेटर. छोटा फुकटातला प्रोग्रॅम आहे, लॅपटॉपवर चालू केला की ब्लॅकमॅजिक कंपनीचा व्हिडिओहब राउटर असल्यासारखा बोलतो. हे जमतं कारण व्हिडिओहबची नेटवर्कवरची भाषा अगदी साधी आहे, टीसीपी पोर्ट ९९९०, नुसता मजकूर, आणि कंपनीनेच ती मॅन्युअलमध्ये छापून ठेवलीय. कनेक्ट झालात की राउटर आधी आपली सगळी कुंडली वाचून दाखवतो, मॉडेल कुठलं, इनपुट किती, आउटपुट किती, कोणाचं नाव काय, कुठलं आउटपुट लॉक आहे, कुठल्यावर काय लागलंय. बदल करायचा तर हेडिंगची ओळ, खाली दोन आकडे, पहिला आउटपुटचा आणि दुसरा इनपुटचा, आणि मग एक रिकामी ओळ. ती रिकामी ओळ विसरलात की समोरचा गप्प, एरर नाही, उत्तर नाही, काही नाही, त्याला वाटतं तुमचं अजून बोलून व्हायचंय. माझी अख्खी एक संध्याकाळ त्यात गेली, हेच साइटवर झालं असतं तर केबल बदलत बसलो असतो.

बटणांसाठी मी कंपॅनियन वापरतो, बटण दाबलं की राउटरला हुकूम पाठवणारा प्रोग्रॅम, त्यात एम्युलेटर आहे म्हणजे स्ट्रीम डेकसुद्धा (बटणांची छोटी पेटी) घरी असायची गरज नाही, बटणं ब्राउझरमध्येच दिसतात. त्यामुळे दोन्ही टोकं खोटी आणि मधलं माझं काम तेवढं खरं. डोंबिवलीहून निघणारी गाडी पकडली आणि खिडकी मिळाली तर मांडीवर लॅपटॉप, हातात फोन, फोनच्या हॉटस्पॉटवर दोघं जोडलेले, फोनवर बटण दाबायचं आणि लॅपटॉपवर राउट (कुठल्या आउटपुटवर कुठला सोर्स) बदलताना बघायचं. घाटकोपरपर्यंत पंधरा-वीस बटणं तपासून होतात. (कुर्ल्याला लॅपटॉप बंद करायचा, नाहीतर उतरणारे त्याला पण सोबत घेऊन उतरतात.)

आता पहिली खोड. पॅनलवर आणि आपल्या बोलण्यात नंबर एकपासून सुरू होतात, वायरवर शून्यापासून. पाच नंबरच्या आउटपुटला तीन नंबरचा कॅमेरा हवा तर जातं "४ २". कंपॅनियन ही वजाबाकी स्वतः करतो म्हणून कधी लक्षातच आलं नव्हतं, पण मी रनडाउनच्या (कार्यक्रमाच्या क्रमाच्या) एक्सेलमधून थेट राउट पाठवणारी स्क्रिप्ट लिहिली, गाणं बदललं की आठ-दहा राउट एका दमात, आणि त्यात आउटपुटमधून एक वजा केला आणि इनपुटमधून करायचा विसरलो. सिम्युलेटरने काय केलं? निमूट घेतलं. ४ ३ सांगितलं, ४ ३ लावलं. त्याला काय माहीत माझ्या मनात कुठला कॅमेरा होता. स्क्रीनवर नुसते आकडे आणि आकडे बरोबरच दिसत होते, मी तीन लिहिलेलं, तीन दिसतंय, झालं की. शनिवारभर हेच बघून मी खूश.

पकडलं कसं ते सांगतो कारण ही युक्ती खरंच कामाची आहे. ओबीएसमध्ये (लॅपटॉपवर चित्रं मिसळायचा आणि स्ट्रीम करायचा प्रोग्रॅम) चाळीस सीन केले, प्रत्येकात कलर बार (तपासणीच्या रंगीत पट्ट्या) आणि वर हा मोठा नंबर, जो पॅनलवर असतो तोच. ओबीएस २८ पासून वेबसॉकेट (बाहेरच्या स्क्रिप्टने ओबीएस चालवायची सोय) आतच येतं, पोर्ट ४४५५, तर दुसरी एक छोटी स्क्रिप्ट सिम्युलेटरला कान लावून बसते आणि मी निवडलेल्या आउटपुटवर जे लागलंय तो सीन ओबीएसमध्ये आणते. पहिल्यांदा चालवलं तेव्हा एक्सेलमध्ये तीन आणि समोर बारवर ढळढळीत चार. दोन मिनिटांत चूक सापडली. तेव्हापासून नुसत्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, मोठ्या अक्षरात चित्र पाहिजे.

दुसरी खोड मात्र घरात सापडली नाही, ती पार्ल्याला सापडली, दिवाळी पहाटच्या कार्यक्रमात. मध्यंतरात स्ट्रीमवर "थोड्याच वेळात" ची पाटी लावायचं बटण होतं, घरी शंभर वेळा दाबलेलं. दाबलं, हिरवं झालं, मी चहा घ्यायला वळलो. पाच मिनिटांनी फोन, "अरे स्ट्रीमवर एक माणूस तबला उचलून नेतोय, मग सतरंजी झटकतोय, हे काय चाललंय?" झालं होतं असं की स्ट्रीमिंगवाल्याने त्याचं आउटपुट स्वतःच्या लॅपटॉपवरून लॉक केलं होतं, आणि बरोबरच केलं, मीही तेच केलं असतं. माझा हुकूम गेला, राउट काही बदलला नाही, आणि बटण हिरवं झालं कारण दाबलं की हिरवं व्हायचं असं मीच शिकवलेलं.

घरी हे का नाही दिसलं त्यावर दोन दिवस डोकं खाजवलं. व्हिडिओहबमध्ये लॉक कोणाचं हे आयपी अ‍ॅड्रेसवरून ठरतं, ज्या अ‍ॅड्रेसवरून लावलं त्याच्या मालकीचं, बाकीच्यांना बंद. आणि घरी सिम्युलेटर, कंपॅनियन, स्क्रिप्ट, सगळे एकाच लॅपटॉपवर, सगळ्यांचा पत्ता १२७.०.०.१. म्हणजे घरातले सगळेच मालक! लॉक लावलं तरी कोणाला अडत नव्हतं, मी चाचणी केली होती आणि चाचणी पास झाली होती, हेच तर दुखणं.

मग कपाटावरचा जुना लॅपटॉप काढला, बॅटरी गेलेली पण प्लगवर चालतो, त्यावर नुसता सिम्युलेटर ठेवला. (विंडोजचा फायरवॉल विचारतो तेव्हा घाईत "नाही" दाबू नका, मी दाबलं आणि मग अर्धा तास राउटर हरवला.) बायकोच्या लॅपटॉपवरून लॉक लावायचं, माझ्यावरून राउट मारायचा. हिरव्या रंगाचं पण बदललं, आता बटण दाबल्यावर पिवळं होतं आणि राउटरने स्वतः "हे आउटपुट आता इथे आहे" असं कळवलं तरच हिरवं. पिवळंच राहिलं तर चहा नाही.

या सिम्युलेटरबद्दल कुरकुर करायची तर बंद केला की सगळी नावं विसरतो. मी नावं वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो आणि चालू झाल्या झाल्या ढकलतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा फायदाच झाला कारण तीच फाइल साइटवर भाड्याच्या राउटरला दहा सेकंदात लागते, आधी त्यालाच वीस मिनिटं जायची.

आणि सिग्नल. सिग्नलचं याला ओ की ठो कळत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाच चुकीची. आपले कॅमेरे १०८०आय५०, म्हणजे पन्नास हर्ट्झचे, त्यात पाहुण्यांचा लॅपटॉप साठ हर्ट्झवर, राउटर काही कन्व्हर्ट करत नाही, जे आलं ते पुढे पाठवतो, मग वॉलचा प्रोसेसर प्रत्येक वेळी नव्याने सिग्नल पकडत बसतो आणि तोवर वॉल काळी. गोरेगावच्या एका कॉन्फरन्सला हे झालं, घरी माझ्या ओबीएसमध्ये तोच कट लोण्यासारखा होता. सगळे सोर्स एका सिंकवर (एकाच तालावर) नसतील तर कटला झटका बसणार, बीएनसी (केबलच्या टोकाची पिन) नीट बसली नसेल तर चित्रात ठिणग्या येणार, सेकंदाला १.४८५ गिगाबिटच्या सिग्नलला चालणारी लांब केबल दुप्पट वेगाच्या २.९७ ला मान टाकणार, यातलं काही म्हणजे काही इथे दिसत नाही. म्हणून साइटवरचा पाऊण तास आता मी पूर्ण केबल आणि फॉरमॅटला देतो, बटणांना हातसुद्धा लावत नाही.

जुना लॅपटॉप अजून टीव्हीखाली चालूच असतो. आईला त्याच्या फॅनचा आवाज सहन होत नाही म्हणून ती रात्री बंद करते आणि सकाळी मला विचारते, तुझा राउटर लावू का रे परत.