फ्लक्सवाला मॉलिब्डेनम डायसल्फाइड क्रिस्टल: हॉट कॅरियर मोजणाऱ्यांनी नक्की घ्या

इंदूरात पंप-प्रोब (एका लेझर पल्सने मटेरियल उत्तेजित करायचं, दुसऱ्याने थोड्या वेळाने मोजायचं) करणारी आपली जी थोडीफार मंडळी आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. लॅबमध्ये आधी सीव्हीटीवाला (वाफेतून वाढवलेला) क्रिस्टल वापरायचो, आता फ्लक्सने (वितळलेल्या द्रावणातून) वाढवलेला मागवलाय, आणि खरं सांगते फरक डेटात दिसतो.

एक्सफोलिएशन (टेपने पातळ थर सोलणं) एकदम मस्त. पावसाळ्यात चिपवर ओल बसते म्हणून टेप लावल्यावर चिप हॉट प्लेटवर 100 डिग्रीला ठेवते आणि मग टेप काढते, मोनोलेयर (एकाच थराचे तुकडे) मोठे निघतात. रामनमध्ये (प्रकाश विखुरून कंपनं मोजतात त्यात) दोन पीकमधलं अंतर 18-19 प्रति सेंमी आलं, पीएल (लेझर मारल्यावर मटेरियलने सोडलेला प्रकाश) 670 नॅनोमीटरजवळ छान लाल, म्हणजे एकच थर आहे हे नक्की.

आता क्रिस्टल इतका महत्त्वाचा का. 400 नॅनोमीटरचा पल्स मारला की प्रत्येक फोटॉनमागे 3.1 इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आत जाते, ए-एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन-होलची बांधलेली जोडी) 1.9 च्या आसपास, उरलेली 1.2 इव्ही इलेक्ट्रॉन आणि होलनी (इलेक्ट्रॉन निघून गेलेली जागा) मिळून जिरवायची; जादा एनर्जीचे हेच ते हॉट कॅरियर. आधी काही दहा फेमटोसेकंदात ते एकमेकांवर आपटून सगळे एका तापमानाला येतात, यात एनर्जी बाहेर जात नाही, नुसती वाटली जाते. खरी जाते ती ऑप्टिकल फोनॉनमधून (क्रिस्टलच्या अणूंच्या कंपनांमधून), एक फोनॉन साधारण 50 मिलिइव्हीचा, म्हणजे वीस-पंचवीस सुटायला हवेत, आणि हे सगळं पिकोसेकंदाच्या आसपास उरकतं. पंप पॉवर वाढवली तर मात्र फोनॉनच इतके साठतात की कॅरियर तेच परत गिळतात आणि कूलिंग रेंगाळतं, रात्री सराफ्यात बाहेर निघायच्या गल्लीत गर्दी तुंबते ना तसं.

गडबड इथेच आहे. सल्फरच्या रिकाम्या जागा जास्त असल्या तर कॅरियर त्यात एक-दोन पिकोसेकंदात अडकतात, मग कूलिंग आणि ट्रॅपिंग एकाच टाइमस्केलवर येतात आणि फिट कितीही सुंदर बसला तरी निघालेला आकडा नेमका कशाचा हे कोणीच सांगू शकत नाही. या क्रिस्टलमध्ये ट्रॅपिंगचा भाग लहान झाला, कमी पॉवरवर कूलिंग वेगळं वाचता येतंय, मला तेच हवं होतं. हॉट कॅरियर सोलर सेलची (जादा एनर्जी उष्णता होण्याआधीच वापरणारे) स्वप्नं बघायची तर आधी हा आकडा स्वच्छ पाहिजे, नाहीतर बोलण्यात अर्थ नाही.

तक्रार एकच, सोबत एक्सआरडी (क्ष-किरणांनी केलेली रचनेची तपासणी) येतो पण डिफेक्ट डेन्सिटी (दोष किती दाट आहेत तो आकडा) देत नाहीत, या किमतीला ती द्यायलाच हवी. आणि बजेट असेल तर बोरॉन नायट्राइडही घ्या, वर-खाली त्याचा थर लावा, कारण सिलिकावर नुसता ठेवला तर खालच्या ऑक्साइडचा परिणाम मिसळतोच.

पाचापैकी साडेचार. हवेत ठेवला तरी टिकतो, टेल्युराइड (याच घराण्यातला, पण हवेत खराब होणारा) घेणाऱ्यांनी मात्र ग्लोव्हबॉक्सची (हवाबंद पेटीची) सोय आधी बघा.