इंटरनेटचं प्रशिक्षण: तालुक्याला जावं की माणूस शाळेवर बोलवावा?

शाळेत लोकवर्गणीतून टीव्ही आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शिक्षकांना तो वापरायला शिकवणार कोण? तालुक्याच्या प्रशिक्षणाला नावं पाठवायची, की शेजारच्या शाळेतल्या एखाद्या जाणकार शिक्षकाला अर्धा दिवस बोलवायचं? आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दोन मुख्याध्यापकांनी हल्लीच विचारलं, म्हणून लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझी शाळा दोनशिक्षकी, घाटमाथ्यावरची, पहिली ते चौथी. तेव्हा माझं मत त्याच मापाने घ्या.

घरबसल्या ऑनलाइन कोर्स हा तिसरा पर्याय आहेच. 2020 च्या ऑक्टोबरपासून निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे 18 भाग दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर आले, ते आपण बहुतेकांनी केले. मजकूर चांगला होता. मी मात्र मोबाइल ओट्यावर उभा करून भाजी निवडत ऐकला आणि चाचणीत पास झालो. दोष माझाच. पण वर्गात नेट वापरायला मी त्यातून शिकलो नाही, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

तालुक्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला नावं ठेवणार नाही. सुलभक, म्हणजे शिकवणारे, तयारीचे होते. गूगल फॉर्मवर चाचणी कशी बनवायची ते मी तिथेच शिकलो आणि अजून वापरतो. चहाच्या वेळी दहा शाळांचे अनुभव कानावर पडतात, ते वेगळंच. गैरसोयी ठाऊकच आहेत: दोघांतला एक गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. पहिला अर्धा दिवस लॉगिनमध्ये जातो. एका गुरुजींचा ओटीपी ज्या नंबरवर जात होता, तो मोबाइल पुण्याला मुलाकडे. मुलगा कामावर, फोन उचलेना!

हे सगळं चालवून घेतलं असतं. मला नडलं ते हॉलमधलं नेट.

तिथे फायबरचं कनेक्शन होतं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की लगेच व्हिडिओ चालू. तीन दिवस आम्ही तेच केलं. सोमवारी शाळेत आलो. आमच्याकडे रेंज एकाच खिडकीत येते. दुसऱ्या गजाला मोबाइल टेकवला तर दोन काड्या, हातात घेतला की गेल्या. तिसरीच्या एका पोराचं पुस्तक घेऊन खिडकीशी गेलो, तर क्यूआर कोडच्या पांढऱ्या जागा त्याने निळ्या पेनाने मन लावून भरून काढलेल्या. दुसऱ्याचं पुस्तक घेतलं. स्कॅन झालं, आणि पडद्यावर ते चाक गरगरायला लागलं. पोरं माना उंचावून बघतायत. शेवटी एक जण म्हणाला, "सर, भिंगरी कधी थांबल?"

तीन दिवसांत 'तुमच्या शाळेत नेट चालतं का' हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. खरं तर आम्हीही सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर शेजारच्या वाडीवरच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी पाणी पिण्याआधी मोबाइल हातात धरून शाळाभर एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "सर, इथे नेट लावायच्या भानगडीत पडू नका. घरून भरून आणायचं."

दीक्षा अ‍ॅपमध्ये पाठ उतरवून ठेवला की तो नेटशिवाय चालतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आठवड्याचे पाठ रविवारी रात्रीच उतरवायचे, शिकवून झालेले काढून जागा करायची, ही शिस्त त्यांनी लावली. रंगवलेल्या कोडवरही तोडगा होता. क्यूआरच्या खाली सहा अक्षर-आकड्यांचा कोड छापलेला असतो, तो अ‍ॅपमध्ये टाइप केला तरी पाठ सापडतो. मग टीव्ही. मी हौसेने टाइप-सीची एचडीएमआय केबल आणली होती, पण चित्र उमटेना. मॅडमनी त्यांचा फोन लावला, लगेच उमटलं. काही फोनांच्या टाइप-सीमधून चित्र बाहेर येतच नाही, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी केबलवाल्याशी दोनदा भांडून आलो होतो.

याची उणी बाजूही आहे. अशा अर्ध्या दिवसाचं प्रमाणपत्र मिळालं नाही, त्यामुळे वरिष्ठ वेतनश्रेणीच्या फायलीत त्याचा उपयोग शून्य. मॅडमना जे येत नाही, ते मलाही आलं नाही. त्यांनाही स्वतःचे वर्ग सोडून यावं लागलं, त्यासाठी केंद्रप्रमुखांना आधी विचारावं लागलं. आणि असा माणूस प्रत्येक केंद्रात असेलच असं नाही.

त्यामुळे तुमच्याकडे सात-आठ शिक्षक असतील, नेट पक्कं असेल, तर एक-दोघांना खुशाल तालुक्याला पाठवा. परत आल्यावर ते बाकीच्यांना शिकवतील. रेंज खिडकीतच अडकली असेल, तर मी तरी आधी माणूस बोलवीन आणि तालुक्याचं नंतर बघीन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

बोलवलंत तर शनिवार टाळा, सकाळच्या शाळेत हाताशी वेळ उरत नाही. आणि पोरांना सुट्टी देऊन प्रशिक्षण घेऊ नका. मॅडमनी ती वर्गातच बसवून ठेवली होती, आणि कोड टाइप करायला नेमकं त्या निळ्या पेनवाल्यालाच पुढे बोलावलं. आता दर सोमवारी मी पायरी चढायच्या आत तोच विचारतो, "सर, भरून आणलं का?"