पोट गुबारलंय: ओवा, इनो की मेडिकलमधली गोळी?

जेवणानंतर पोट डब्ब झालं की सोलापूरच्या कुठल्याही घरात तीन सल्ले हमखास मिळतात. आजी ओव्याची डबी पुढे करते, कुणी इनो घे म्हणतं, कुणी मेडिकलमधून गॅसची गोळी आणायला सांगतं. तिघांची कामं वेगळी आहेत. म्हणून आधी त्रास वरचा आहे की खालचा, ते बघा.

जेवताना किंवा लगेच ढेकरांवर ढेकर येत असतील, तर ती बहुतेक गिळलेली हवा असते. घाईचं जेवण, थंड पेयं, तोंडात सतत सुपारी किंवा च्युइंगम ही त्याची कारणं. जेवून काही तासांनी गुडगुड होऊन खाली वारा सरत असेल, तर तो मोठ्या आतड्यात जिवाणूंनी तयार केलेला वायू असतो. दिवसातून 25 वेळांपर्यंत वारा सरणं अगदी सामान्य आहे, त्यासाठी औषध नको.

आता इनोसारखे फसफसणारे क्षार. ते खायच्या सोड्यावर चालतात आणि पोटातलं आम्ल मारतात. जळजळ असेल तर आराम पडतो. पण या क्रियेत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मोठा ढेकर येतो आणि 'गॅस निघाला' असं वाटतं, तो बराचसा त्या चूर्णाचाच असतो. आतड्यातल्या वायूला ते पोहोचत नाही. शिवाय सोडियम भरपूर, त्यामुळे ब्लडप्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी हे टाळावं. गुबाऱ्यासाठी मी इनो सुचवणार नाही.

मेडिकलमधल्या गॅसच्या गोळीत बहुधा असणारं सिमेथिकोन बारीक बुडबुडे फोडून एकत्र करतं, म्हणजे वायू बाहेर पडायला सोपा जातो. रक्तात ते शोषलं जात नाही, ही जमेची बाजू. पण वायू तयार होणं त्याने थांबत नाही, आणि गुण सगळ्यांना सारखा येत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवा.

ओवा, हिंग, हिंग्वाष्टक चूर्ण यांवर मोठे अभ्यास फारसे नाहीत, तरी अधूनमधून होणाऱ्या त्रासाला चिमूटभर ओवा कोमट पाण्याबरोबर घेऊन थोडं चालणं ही माझी पहिली पसंती. खर्च नगण्य, धोका कमी. हिंग्वाष्टकात सैंधव असतं, त्यामुळे मीठ बंद असलेल्यांनी विचारूनच घ्यावं. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, गहू वर्ज्य असेल तर डबीवरचे घटक वाचावेत.

त्रास रोजचा असेल तर मात्र या तिघांपेक्षा स्वयंपाकघरात केलेला बदल कितीतरी जास्त उपयोगी पडतो. तूर, हरभरा, मटकी, हुलगे यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या पचवायचं विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच खाली जातात आणि जिवाणू त्यांवर ताव मारतात. या शर्करा पाण्यात विरघळतात. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावं, शिजवायला नवं घ्यावं. मोड आणले तर त्या आणखी कमी होतात. हुलग्याच्या माडग्यात पीठच वापरतात, भिजवून पाणी टाकायची सोयच नाही; ते वाटीभर प्यावं, रात्री नको. एकदम कडधान्यं बंद करू नका, थोडी थोडी वाढवली की बऱ्याच जणांची आतडी सवय करून घेतात.

आपल्याकडे गॅस झाला की भाकरी सोडून चपाती सुरू करतात, हे मला पटत नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची, जिवाणूंना आवडणारी शर्करा असते. ज्वारी त्या मानाने सौम्य. कडक भाकरी मात्र आमटीत नीट कुस्करून, चावून खावी. दुधाचा संशय असेल तर आठवडाभर दूध बंद करून बघा. दही-ताक अनेकांना चालतं, कारण विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात मोडते.

वजन घटतंय, शौचात रक्त आहे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झालाय, तर ओवाही नको नि गोळीही नको, डॉक्टरांना दाखवा. उलट्या होऊन शौच आणि वारा दोन्ही बंद झाले असतील, तर त्याच दिवशी जा. आणि छातीत जडपणा, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर 'गॅसच असेल' म्हणून इनो घेत बसू नका. लगेच 108 ला फोन करा किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढा.