जुना रीफ टँक (कोरल आणि मासे असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) नव्या घरात हलवून देणारी सर्व्हिस वापरली, सविस्तर लिहितेय

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण ज्यांचा टँक बरीच वर्षं चालू आहे, दगडांवर जांभळी कोरलाइन (कडक शेवाळ) चढलीय, कोरल एकमेकांना टेकायला लागलेत आणि आता घर बदलायचंय, त्यांनी अशी सर्व्हिस नक्की विचारात घ्यावी. अशी म्हणजे फक्त समुद्री टँक हलवणारी, सामान हलवणारे पॅकर्स नव्हेत. पॅकर्स काच व्यवस्थित नेतील हो, पण काच हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

मी दोन ठिकाणी फोन केला होता. एकांनी टँकची लांबी-रुंदी आणि मजला विचारला आणि लगेच तारीख द्यायला लागले. दुसऱ्यांनी, म्हणजे ज्यांना शेवटी काम दिलं त्यांनी, आधी विचारलं की रेती किती जाड आहे आणि किती जुनी आहे, रेतीत झोपणारे मासे आहेत का, अ‍ॅनेमोनी (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आहे का आणि ती काचेला चिकटलीय की दगडाला, झोआंथिड (कोरलसारखे, गुच्छात वाढणारे छोटे प्राणी) किती आहेत, मीठ कुठलं वापरता, अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) किती ठेवता. माझा निर्णय तिथेच झाला. हे प्रश्न जो विचारत नाही त्याला टँक देऊ नका, तो कितीही अनुभवी असला तरी.

पाण्याबद्दल त्यांचं म्हणणं एकदम स्पष्ट होतं. जुनं पाणी सगळंच्या सगळं नेलं की टँक वाचतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण अमोनिया खाणारे बॅक्टेरिया पाण्यात फारच कमी असतात, ते असतात दगडावर, रेतीवर, फिल्टरमधल्या मीडियावर. जुनं पाणी न्यायचं ते सॅलिनिटी (खारेपणा), अल्कलिनिटी एकदम बदलू नये म्हणून, आणि तेही फक्त वरचं स्वच्छ पाणी, तळाचं ढवळलेलं टाकूनच द्यायचं. त्यामुळे नवीन खारं पाणी आदल्या दिवशीच आरओडीआयच्या (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात मीठ मिसळून, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि हीटर लावून तयार ठेवायला सांगितलं, निदान अर्धा टँक भरेल एवढं तरी. सॅलिनिटी ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे सापेक्ष घनता साधारण १.०२६, आणि तापमान टँकएवढंच. वर त्यांनी दोन्ही पाण्यांची अल्कलिनिटी मोजली, जे मला फार आवडलं, कारण काही मिठांचं ताजं पाणी ११-१२ डीकेएचला (अल्कलिनिटीचं माप) जातं आणि टँक जर ८ ला चालत असेल तर एवढ्या उडीने अ‍ॅक्रोपोराची (फांद्यांच्या कोरलची) टोकं जळतात. माझ्याकडे फरक थोडाच निघाला तरी काम करणाऱ्या दादांनी तो वहीत लिहून घेतला.

आता रेती. यावर मी थोडी अडून बसले होते, कारण त्या रेतीत किती किडे, किती कोपेपॉड (बारीक समुद्री जीव), ती सगळी अशीच उचलून न्यावी असं मला मनापासून वाटत होतं. दादांनी दगड काढल्यावर कोपऱ्यात काचेला लागून असलेला काळा पट्टा दाखवला, थोडं उकरल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तो हायड्रोजन सल्फाइड. जुनी जाड रेती ढवळली की वर्षानुवर्षं साठलेली घाण आणि अमोनिया एकदम पाण्यात येतो आणि शिफ्टिंगनंतर टँक क्रॅश होतात त्यात हे मोठं कारण असतं, काचेचं किंवा प्रवासाचं नाही. मग वरची थोडी स्वच्छ रेती बियाणं म्हणून बाजूला ठेवली आणि बाकीची पाणी नितळ येईपर्यंत धुतली. धुतल्यावर रेतीवरचे बॅक्टेरिया जातात हे खरंय, पण लाईव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले टँकमधले दगड) पाण्यात राहिला तर तो भार उचलतो. मला हे आता पूर्ण पटलंय.

कामाचा क्रम त्यांनी अजिबात मोडला नाही. सगळ्यात आधी हीटर बंद केला आणि थंड होऊ दिला (पाण्याबाहेर गरम हीटर फुटतो), मग वरचं पाणी स्वच्छ ड्रममध्ये, मग कोरल, मग दगड, आणि दगड गेल्यावर उरलेल्या उथळ पाण्यात मासे, कारण दगड असताना मासे पकडायला गेलं की ते आणि आपण दोघंही दमतो. माशांना आदल्या दिवशी खायला न द्यायला सांगितलं होतं म्हणजे डब्यातलं पाणी घाण होत नाही. टँग माशाला जाळी लावलीच नाही, शेपटीजवळचा काटा जाळीत अडकतो म्हणून पारदर्शक डब्यात हळूच घेतला. रॅस मासा रेतीत घुसला तर ते शांतपणे थांबले, हाताने चाचपत काढला, कोणी ओरडलं नाही, घाई केली नाही.

टॉर्च कोरल उचलायच्या आधी पाण्यातच हळू हलवून त्याचं मांस आत घ्यायला लावलं, कारण फुललेला उचलला तर स्वतःच्याच वजनाने सांगाड्याच्या धारेवर फाटतो. झोआंथिडच्या दगडांना हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावला. काही झोआंथिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, ते डोळ्यात किंवा जखमेत गेलं तर थेट दवाखाना, त्यामुळे हे लोक ते हसण्यावारी नेत नाहीत हे बघून बरं वाटलं. अ‍ॅनेमोनी ज्या दगडाला धरून होती त्या दगडासकट नेली, तिचा पाय खेचला नाही. दगड सगळे पाण्यात बुडवूनच नेले, हवेत राहिले तर आतले स्पंज मरतात आणि मग तेच सडतं. माशांच्या थर्माकोल बॉक्सना बॅटरीवरचा एअरपंप होता, मीडियाच्या डब्यालाही हवा दिली होती.

आणि टँक पूर्ण रिकामा करूनच उचलला. मी हे मुद्दाम लिहितेय कारण थोडं पाणी आणि रेती ठेवून उचलूया असं सांगणारे भेटतात. खारं पाणी लिटरला एक किलोहून जास्त भरतं, वर रेती वेगळी, आणि उचलताना टँक जरा जरी पिळला गेला तरी सिलिकॉनचा जोड सुटू शकतो. लगेच कळत पण नाही, नंतर कधीतरी रात्री गळायला लागतो.

नव्या घरी स्टँड लेव्हलला बसवण्यात त्यांनी खूप वेळ घातला, मला तो वेळ योग्य वाटला. मग रेती, दगड, पाणी, रिटर्न पंप (टँकखालच्या संप नावाच्या फिल्टर टाकीतून पाणी वर आणणारा), हीटर, कार्बन (फिल्टरचा कोळसा). कोरल दुखावले की पाण्यात काय काय सोडतात म्हणून कार्बन पहिल्या दिवसापासून. तापमान आणि सॅलिनिटी जुळल्यावर अमोनिया मोजला, शून्य आला, मगच मासे सोडले. लाईट निम्म्यावर आणला आणि हळूहळू वाढवायला सांगितला.

आता तो अर्धा स्टार. पाईप परत जोडल्यावर त्यांनी वीज गेल्यावर काय होतं ते तपासलंच नाही. रिटर्न नॉझल (पाणी टँकमध्ये सोडणारं पाईपचं तोंड) आधीपेक्षा थोडं खाली बसलं होतं, पंप बंद झाला की नॉझलच्या पातळीपर्यंतचं पाणी उलट संपमध्ये येतं, आणि ही माणसं गेल्यावर मी पंप बंद करून बघितला तर संप काठोकाठ भरला. नॉझल वर घेतलं, संपमधली पातळी कमी केली, निभावलं, पण एवढं काटेकोर काम करणाऱ्यांनी ही चाचणी करायलाच हवी होती, रिकाम्या घरात असं झालं असतं तर सगळी फरशी खाऱ्या पाण्याखाली गेली असती. दुसरं म्हणजे दगडांच्या रचनेचे फोटो त्यांनी घेतले नाहीत, माझ्याकडचे वापरले. फोटोशिवाय कोरल वेगळ्या उजेडात, वेगळ्या प्रवाहात जातात आणि मग ते का रुसले ते कळत नाही. काम झाल्यावर मेसेजला उत्तरं उशिरा आली, तेही खटकलं, कारण पहिल्या आठवड्यात रोज अमोनिया आणि अल्कलिनिटी मोजताना शंका येतातच.

निकाल मात्र चांगला आहे. सगळे मासे नीट आहेत, टॉर्च काही दिवस अर्धवट मिटून होता तो परत फुललाय, एका अ‍ॅक्रोपोराची बाजू पांढरी पडली पण ती पुढे सरकली नाही. धुतलेल्या रेतीवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) आले होते, ते येणारच, त्यासाठी काही केमिकल टाकायची गरज नाही. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) पहिले काही दिवस नुसता ओसंडत होता, कप जरा वर घेतला.

छोटा नॅनो टँक असेल तर या सर्व्हिसची गरज नाही, दोन मदतनीस आणि पुरेसे झाकणवाले डबे असले की घरच्या घरी होतं. मोठ्या, रिमलेस (वरची कड नसलेल्या), एसपीएसने (छोट्या पॉलिपच्या कडक कोरलने) भरलेल्या टँकसाठी मी परत यांनाच बोलावेन, फक्त पंप बंद करून दाखवल्याशिवाय जाऊ देणार नाही. तारीख ठरवताना टँक आणि बाकीचं सामान एकाच दिवशी ठेवू नका, आणि नव्या घरी टँकच्या जागेजवळचा प्लग चालू आहे का ते आधी जाऊन बघून या.